पाचबोटी हातमोजे

"पाचबोटी नकोत," आयलर्ट म्हणाला. "मार्चातलं पाणी आहे हे. बघता बघता बोटांच्या काड्या होतील. हे तीनबोटी घे. अंगठा वेगळा, पहिलं बोट वेगळं, बाकीची तिन्ही एकत्र उबेला."

ज्याला हे सांगणं चाललं होतं तो प्रेबेन काउंटरशी पाचबोटी हातमोजा उलटसुलट करून बघत होता. त्याने मान वरसुद्धा केली नाही.

"पाचबोटीच दे, काका," तूरिद म्हणाली. "दोन जोड. एक मला."

"तुलाही? खाली जाऊन पियानो वाजवणार आहात का?"

आयलर्टचं पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान उत्तरेकडच्या बूदो गावात, बंदराच्या धक्क्यावर होतं आणि तिथे एक नियम होता. गिऱ्हाइकाने सूट चढवायचा, आयलर्टबरोबर समोरच्या पाण्यात उतरायचं, मगच विक्री. जमिनीवर कुणीही शहाणं दिसतं, असं तो म्हणे.

आज मात्र प्रश्न सुटाचा नव्हता. पुतणी जूनमध्ये या माणसाशी लग्न करणार होती आणि चर्चमध्ये बापाच्या जागी काकाने उभं राहावं, अशी तिची इच्छा होती. तिचा बाप माग्ने, आयलर्टचा धाकटा भाऊ, समुद्रातच गेला होता. खाली तो हातवारे करून काहीतरी सांगत होता. जोडीदाराला ते कळलं नाही. तेव्हापासून तूरिद काकाखेरीज कुणाबरोबर पाण्यात उतरली नव्हती. पोरीचं म्हणणं पाण्याखाली या माणसाला कळेल का, एवढंच आयलर्टला बघायचं होतं. तेवढं कळलं तर तो आनंदाने उभा राहणार होता.

लक्षण काही धड दिसत नव्हतं. प्रेबेन ओस्लोचा. दक्षिणेकडची माणसं शिष्ट, हे बूदोत शेंबडं पोरही सांगेल. पण हा त्यांच्यातही मेरुमणी. सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. आयलर्टने वाफलं, ती जाळीदार गोड धिरडी, पुढे केली, त्याने हसून खाल्ली. हवा, मासे, ओस्लोतली घरभाडी, सगळ्यांवर आयलर्ट एकटाच बोलला. तशी बोलताना त्याला सोबत लागत नसे, हेही खरं. तूरिद बोलू लागली की मात्र प्रेबेन तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हता. नवं प्रेम आहे, उतरेल, असं आयलर्टने मनाशी म्हटलं.

"चेन पाठीवर हवी की पुढे?" खुंटीवरचे सूट चाळत आयलर्टने पाठमोऱ्यानेच विचारलं.

प्रेबेन हातमोज्याची शिवण तपासत राहिला.

"महाराज, तुम्हाला विचारतोय!"

"पाठीवर," तूरिद घाईने म्हणाली.

"ती एकट्याला लावता येत नाही."

"मी लावीन ना त्याची. माझी तो लावेल."

हे उत्तर आयलर्टला आवडलं, पण त्याने तसं दाखवलं नाही.

तेवढ्यात शिशाच्या वजनांची पेटी फळीवरून निसटली आणि दणकन फरशीवर आदळली. तूरिद किंचाळलीच. तिच्याकडे पाठ करून उभा असलेला प्रेबेन हातमोज्यातलं एकेक बोट शांतपणे मिटत-उघडत राहिला. छाती आहे गड्याची, म्हणून आयलर्टने त्याला मनातल्या मनात एक गुण दिला.

जाड रबराचा सूट अंगचाच उबदार, पण ताठर. पातळ कापडाचा मोकळा, त्यात लोकर भरावी लागते. सूट घालून गिऱ्हाइकं उकिडवी बसून बघतात. प्रेबेनने दोन्ही चढवून छातीपुढे नुसते हात फिरवून पाहिले आणि पातळ निवडला.

"मग आत लोकर लागणार," आयलर्ट म्हणाला. "तूरिद, वर्षभर दर बुधवारी विणकामाच्या वर्गाला जातेस, बोटं दुखतात म्हणून रडतेस, आणि अजून एक मोजा काही दिसला नाही मला!"

"विणकाम आहे असं तूच ठरवलंस, काका." ती लाल झाली होती.

पाण्याशी आल्यावर त्याने तिला बाजूला घेतलं. "पोरी, घुम्या आहे गं हा. वर तोंड उघडत नाही, तो खाली तुझं काय समजून घेणार?"

"सगळ्यांना तपासतोस तसंच त्याला तपास. सवलत नको."

"मी देणारही नाही."

तिघं उतरली. पाणी स्वच्छ होतं, तळाची वाळू वरूनच दिसत होती. ती दोघं पुढे, आयलर्ट जरा मागे.

मध्येच तूरिद थांबली. तिला पुढे जाता येईना. तिचे हात छातीपुढे भराभर हलू लागले. ती 'वर चला'ची खूण नव्हती, 'हवा संपली'ची नव्हती, आयलर्टला माहीत असलेली कुठलीच नव्हती. माग्नेही असेच हात हलवत होता. तो जीव खाऊन पाय मारत निघाला.

तो पोचायच्या आत प्रेबेन तिच्या मागे गेला होता. टाकीच्या झडपेत कुणाच्या तरी जुन्या गळाची दोरी अडकली होती. ती त्याने सुरीने कापली. मग तो तिच्यासमोर आला आणि त्याची दहाही बोटं सुटली. तिची सुटली. त्याने काही विचारलं, तिने सांगितलं, त्याने पुन्हा विचारलं. मग आयलर्टकडे बोट दाखवून त्याने लांबलचक काहीतरी ऐकवलं, आणि तूरिदच्या तोंडून हसण्याचे बुडबुडे भसाभस वर गेले.

बुधवारचं विणकाम आयलर्टच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

त्यालाही पुष्कळ बोलायचं होतं. हो म्हणायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं, माग्नेबद्दल सांगायचं होतं. त्याने जाड तीनबोटी हातमोजा वर करून अंगठा आणि बोट जुळवलं: ठीक. पुन्हा तेच: ठीक. तिघांत मुका तो एकटाच होता.