आतलं पाऊल

“वळण,” वहिनी म्हणाली आणि दात आवळून तिने डावं पाऊल टाकलं.

दोघींच्या हातांत वीतभर दोरी होती. नणंदेला जन्मापासून दिसत नव्हतं. मैदान तिला कळायचं ते या दोरीतून आणि वहिनीच्या आवाजातून. धावताना दोरी धरलेले हात एकत्र हलायचे, आणि त्यांच्याबरोबर आतली पावलंही. वहिनीचं डावं, नणंदेचं उजवं.

वळण संपलं तशी नणंद थांबली.

“वहिनी, काहीतरी अडकतंय गं. दोरी मध्येच मागे खेचली जातेय.”

वहिनीच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट अर्धं फाटलं होतं. घरी तिने ‘मुरगळला होता, बरा झाला’ एवढंच सांगितलं होतं. निवड चाचणी तोंडावर आली होती. निवड झाली तर नणंदेला प्रशिक्षण केंद्रात जागा, पुढे नोकरी. नाही झाली तर खोक्यांना चिकटपट्ट्या लावायचा तोच कारखाना, तोच मुकादम. नवी साथीदार घ्यावी तर पावलं जुळायलाच महिने जातात.

“तुझंच उजवं पाऊल मागे राहतंय,” ती बोलून गेली.

“माझं?”

“थोडंसंच. होईल नीट.”

“मला तर तसं जाणवलं नाही.” नणंदेने उजवी मांडी चाचपली. “पण तू बघतेस म्हणजे असेल.”

त्या दिवसापासून नणंद भिंतीला पाठ टेकवून उजव्या मांडीचे व्यायाम करू लागली. सकाळी, संध्याकाळी, भाजी निवडून झाली की. वहिनी स्वयंपाकघरातून बघायची आणि फोडणीकडे वळायची.

दुपारी ती शिवणाच्या क्लासला जाते असं घरात सांगायची.

“इतके दिवस जातेस, एक रुमाल तरी शिवून दाखव,” नणंद म्हणायची.

“शिवला तर तुला दिसणार आहे का?”

“हाताला तर लागेल! दादाच्या शर्टाचं बटण अजून लोंबतंय, मला माहितीये.”

दोघी हसायच्या. मग वहिनी पिशवी उचलून फिजिओकडे जायची.

फिजिओ तरुण होती, स्वतः धावलेली. गुडघ्याला हात लावला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

“विश्रांती घेतली?”

“घेतली.”

“तुम्ही खोटं बोलाल हो, गुडघा कसा बोलेल? सूज बघा. मी दुपारी बांधायचं आणि तुम्ही सकाळी उसवायचं.”

“एवढी एक चाचणी होऊ दे. मग तुम्ही म्हणाल ते. ऑपरेशनसुद्धा.”

“तोवर ऑपरेशनला काही शिल्लक ठेवा.”

वहिनी सरळ पाय उचलायची, वाळूची पिशवी बांधून पुन्हा उचलायची, सायकल मारायची. घरी आल्यावर देवापुढे मांडी घालून बसता येत नसे, म्हणून उभ्यानेच हात जोडायची. मागायची एकच गोष्ट, चाचणीपर्यंत गुडघा टिकू दे. तीही आता मागताना तिला लाज वाटू लागली होती.

शनिवारी प्रशिक्षक सर धावण्याची वेळ मोजायला आले. वहिनी वेदनेची गोळी घेऊन धावली. तरी वेळ घसरलीच. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नणंदेला बाजूला नेलं. वहिनीला तेवढंच हवं होतं. ती शेडमागे जाऊन गुडघ्यावर बर्फ धरून बसली.

“काय म्हणाले?” घरी जाताना तिने विचारलं.

“काही नाही. उद्या पण येऊ या ना?”

“यायचंच. चाचणी आहे, तुझं लग्न नाही पुढे ढकलायला.”

नणंद नेहमीसारखी हसली नाही. वहिनीला वाटलं, दमली असेल.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी फिजिओ न सांगता मैदानावर आली. कठड्याला टेकून तिने पूर्ण फेरी पाहिली. दुपारी पट्टी बांधायच्या आधीच ती बोलली.

“तिच्या पायाला काही झालेलं नाही. हरणासारखी आहे ती. तुम्ही तिला अडवताय.”

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नवीन साथीशी पावलं जुळायला—”

“वेळ लागतो, मला माहीत आहे. तरी अर्धवट जुळलेली साथ या गुडघ्यापेक्षा बरी. दोरी मला द्या. मी धावते तिच्याबरोबर. पण आधी तिला खरं सांगा. आजच.”

परतताना वहिनीने पाय लपवला नाही, लंगडतच चालली. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती. चाचणी परवावर होती. उद्याचा दिवस सरावाला मिळणार होता. नणंद रागावेल, रागावू दे. चार दिवस बोलणार नाही. पण धावेल.

नणंद खाटेवर बसली होती. पायांत मैदानाचे बूट नव्हते, चपला होत्या.

“तुला काहीतरी सांगायचंय,” वहिनी म्हणाली.

“आधी मी. नाहीतर माझा धीर सुटेल.” तिने हात पुढे केला, वहिनीचा हात शोधून घट्ट धरला. “शनिवारी सर म्हणाले, वेळ का घसरतेय? त्यांना तुझ्या पायाची शंका होती. म्हणाले, तिला काही झालं असेल तर सांग, तयारीची दुसरी साथीदार आहे माझ्याकडे. मला असा राग आला! मी म्हटलं, दोष माझ्या उजव्या पायाचा आहे. वहिनीने स्वतः बघून सांगितलंय, आणि ती माझ्याशी खोटं बोलायची नाही. मग ते म्हणाले, असं असेल तर दुसऱ्या धावपटूची जागा अडवू नकोस. मी नाव मागे घेतलं. माझ्या जागी घेतलेली मुलगी सकाळीच चाचणीच्या गावी गेली. तू एवढी जीव तोडून धावत होतीस, रोज वाटायचं सांगावं, तोंडच उघडेना. सोमवारपासून कारखान्यात यायला सांगितलंय मला.”

तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला.

“झालं माझं. आता तू सांग. काय सांगणार होतीस?”