पंचमीची हळद

हळदीचं गं बोट माझ्या लेकीच्या गालाला,
पिवळ्या अंगावरची पीडा जाईल रानाला.

अव्वाचा, आईचा आवाज. अव्वा जाऊन किती वर्षं लोटली, पण चिटगुप्प्याच्या या गिरणीच्या दारात पाऊल पडलं की हळदीच्या वासाबरोबर तोही येतोच. प्रोफेसर मल्लेश्वरी उंबऱ्याशीच थबकल्या. आज तो वास छातीत भरून घ्यावासा वाटेना.

गिरणीला लागूनच घर. धाकट्या भावानं, विरुपाक्षनं, खुर्ची पुढं ओढली. त्याची बायको चन्नव्वा पाणी देऊन चौकटीला टेकली. मल्लेश्वरींची लेक शिवलीला कशी आहे, सातव्या महिन्यात जड वाटत असेल, हळदीचं दूध रोज घेते ना, असं विरुपाक्ष विचारत राहिला. मल्लेश्वरींनी तांब्याला हात लावला नाही.

बीदरला वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आळंदपासून औरादपर्यंत खेड्यांतल्या बायकांच्या रक्तात शिसं का सापडतं, हा त्यांचा अभ्यास. चुली, भांडी, काजळ, आडाचं पाणी, सगळं तपासून झालं. निबंध छापून यायचे आणि शेवटी तेच वाक्य असायचं : कारण निश्चित सांगता येत नाही. हळद तेवढी तपासली नव्हती. हळद कोण तपासतं? ती तर औषध.

मागच्या आठवड्यात तुलनेसाठी निरोगी बाईचं रक्त हवं होतं, म्हणून त्यांनी आपलंच दिलं. त्यांचा विद्यार्थी संघपाल आकडा घेऊन आला तेव्हा त्या त्याच्यावरच चिडल्या. नळी धुतली नसशील म्हणाल्या. त्यानं मुकाट्यानं पुन्हा तपासलं. मग त्यांनी लेकीचं रक्त काढलं. तिचा आकडा खेड्यातल्या कुठल्याही बाईपेक्षा वर होता. घरातला एकेक डबा प्रयोगशाळेत गेला, आणि शिसं निघालं ते हळदीच्या डब्यात. भाऊ दर पंचमीला न चुकता धाडतो त्या माहेरच्या हळदीत.

हे सगळं त्यांनी भावाला सावकाश सांगितलं. रंग चढावा म्हणून हळदीत एक पिवळी पूड घालतात, तिच्यात शिसं असतं. ते आईच्या रक्तातनं बाळात उतरतं. एकदा बाळाच्या मेंदूत बसलं की तिथलं नुकसान कुणाला भरून काढता येत नाही.

विरुपाक्ष हसला. तुझ्या यंत्रालाच कावीळ झाली असंल, म्हणाला. मग हसू आवरून म्हणाला, तुझ्या डब्यात काय मिसळलं ते तुझ्या मोलकरणीला विचार, दुकानदाराला विचार. गिरणी आप्पांच्या हातची आहे.

"आम्ही बी हीच खातो की, अक्का. आम्हाला कामून काय होईना मग?"

मल्लेश्वरींना नेमकं तेच कळत नव्हतं. म्हणून तर त्या पिशवीत रबरी पट्टा, सुया आणि जांभळ्या टोपणांच्या नळ्या घेऊन आल्या होत्या. तुमचं रक्त तपासते, म्हणाल्या.

त्यानं अटही घातली. आमच्या रक्तात शिसं निघालं न्हाई, तर तुझ्या निबंधात आपल्या गिरणीचं नाव यायचं न्हाई. मल्लेश्वरींनी मान हलवली. ती अट न्याय्य होती. शिवाय त्यांनाही मनातून तेच हवं होतं.

त्यानं बाही वर सारली आणि हात पुढं केला.

"घे. लागंल तेवढं घे."

लहानपणी हा सुईला भिऊन कणगीमागं दडायचा. आज तोच हात खुर्चीच्या दांडीवर निवांत पडला होता, निजल्या मांजरासारखा.

बाहेर गिरणी थांबली. पिवळी धूळ हळूहळू खाली बसू लागली. आप्पांच्या फोटोवर, ओट्यावर, दाराशी भरून ठेवलेल्या पोत्यांवर. ती पोती संध्याकाळी खेड्यांकडं निघायची होती. मल्लेश्वरींनी पट्टा आवळला. शीर वर आली. त्यांनी सुई टेकवली.

"अक्का, थांबा."

चन्नव्वा नवऱ्याकडं बघत नव्हती. तिची नजर खाली होती, पण आवाज हलला नाही.

"त्यांच्या रक्तात काय बी सापडायचं न्हाई. आमच्यापुरती हळद मी घरीच उखळात कांडते. गिरणीतली आमच्या चुलीला कवाच लागली न्हाई."

विरुपाक्षचा हात आखडला.

"आमची फिकी असती," चन्नव्वा म्हणाली. "ती तुम्हाला धाडा म्हणलं मी, दर पंचमीला म्हणलं. तर म्हणायचे, प्रोफेसरबाईच्या घरी फिकी हळद कशी धाडायची?"