जुनं बेणं

लंकाबाईने आल्याच्या रोपाशेजारची माती बोटांनी उकरली, तळाचं जुनं बेणं अलगद मोडून घेतलं आणि माती पुन्हा दाबली. रोप उभंच राहिलं. उन्हाळ्यात लावलेला तुकडा असा श्रावणात काढून घेतला, तरी पीक मरत नाही. हात मात्र हलका लागतो.

तिची सहावीतली लेक हर्षाली टोपली धरून मागे चालत होती. बांधावर सयाजी गुरुजी बसले होते.

“उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, लंकाबाई. मंचरच्या इंग्रजी शाळेत एकच जागा राहिलीय. पोरींचं वसतिगृहही आहे.”

“तुमी च्या पिऊन जा, गुरुजी. पोर जायची न्हाई. माज्या जावंचा पोरगा गेला न्हवं का तिकडं? दिवाळीला आला, तर बोलंना. बोलला, तर मला कळंना.”

हर्षालीने मान खाली घातली.

गुरुजींनी टोपलीतून एक तुकडा उचलला. “हर्षे, याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“जिंजर.”

“हा शब्द इंग्रजांच्या घरचा नव्हे. आधी लॅटिनमध्ये तो जिंजिबर होता. त्याआधी ग्रीकांकडे झिंगिबेरिस. त्यांनी तो इकडूनच नेला, गलबतातल्या मालाबरोबर. इथं पाली भाषेत सिंगिवेर म्हणत. आणि त्याच्याही आधी, खाली दक्षिणेत, इंजिवेर. वेर म्हणजे मूळ.”

लंकाबाईचा हात थांबला.

“एवढ्या लांब गेल्यावर घरचं कुनी वळखंल का त्याला?”

गुरुजींनी हातातला तुकडा हर्षालीपुढे धरला.

हर्षालीने डोळे मिटले.

“जिंजर. जिंजिबर. झिंगिबेरिस.” ती अडखळली. गुरुजी सांगणार, तोच लंकाबाईने मातीचा हात वर करून त्यांना थांबवलं.

“सिंगिवेर,” हर्षाली म्हणाली. “इंजिवेर.” मग डोळे उघडून तिने आईकडे पाहिलं. “मूळ.”

“वाट ध्यानात हाय म्हनायची,” लंकाबाई म्हणाली. मग तिने विचारलं, “सकाळची यष्टी किती वाजता हाय, गुरुजी?”

“सातला.”

ती सरकून बसली. “ये गं. हे तू काढ.”

हर्षालीने माती उकरली, बेणं मोडून घेतलं. रोप थरथरलं. तिने घाबरून दुसऱ्या हाताने ते घट्ट धरलं.

लंकाबाईने बुडाशी माती दाबली.

“सोड आता,” ती म्हणाली. “पडत न्हाई.”