वेशीपाशी घडलेलं मडकं

तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यावर विद्यार्थिनी दीनाने ध्वनियंत्राची सुई टेकवली, तेव्हा प्राध्यापक सॅमसन पेणकर निश्चिंत होते. बायबलमधला दावीद राजा आणि त्याचा मुलगा अबशालोम मारला गेल्यावर वेशीवरच्या माडीत त्याने केलेला आक्रोश, हे सगळं नंतरच्या लेखनिकांनी रचलं, असं ते तीस वर्षं शिकवत आले होते.

चाकावर फिरताना ओल्या मातीने टिपलेलं बोलणं यंत्र मराठीत सांगू लागलं. आधी कुंभार बोलला, "राजा कसला डोंबलाचा! माझ्यापेक्षा चार शेळ्या जास्त, एवढंच."

"म्हणजे राजा होता, सर!" दीना म्हणाली.

"चार शेळ्यांचा," पेणकर खुशीत म्हणाले. "साम्राज्य गेलं की नाही?"

मग वरून, वेशीवरच्या माडीतून, एक म्हातारा आवाज आला. त्यात यंत्राला भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. अबशालोम. पुन्हा अबशालोम. कुंभार तिथेच मान वर करून ऐकू लागला असावा. मडक्याचा काठ वाकडा झाला होता.

आवाज संपला.

"परत लावू, सर? नोंदीसाठी तीनदा ऐकायचा नियम आहे."

पेणकरांनी हलकेच सुई उचलली.

"नको गं. मुलगा गेलाय त्यांचा."