खडखडाट

खंडेरावांच्या पिकअपचा हौदा गंजून पार चाळण झाला होता. गल्लीच्या टोकाला गाडी वळली, की त्याचा खडखडाट घरापर्यंत ऐकू यायचा. शेवटी द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात देवराम मिस्त्रीने हौदा खाली उतरवला, सडका पत्रा कापून नवा जोडला आणि रबर घालून असा आवळून बसवला, की खड्ड्यात आपटली तरी गाडी हूं की चूं करेना.

त्या संध्याकाळी थकलेले खंडेराव घरी पोचले आणि दाराबाहेरच थबकले. आत धाकटी लेक पूजा त्यांच्याच आवाजात खेकसत होती, "माझा टॉवेल कुठंय?" आणि तिची आई मैना पोट धरधरून हसत होती. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिला असं हसताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

ते आत शिरले तशी पूजाने वही ओढली. मैना लगबगीने ओट्याकडे वळली.

"आज गाडी कशी वाजली नाय?" तिने दबकत विचारलं.

सकाळी खंडेराव पुन्हा गॅरेजात हजर.

"काही राहिलं का, अण्णा?"



"दोन बोल्ट ढिले कर, देवराम. मी आलोय, हे घरात आधी कळलेलं बरं."