मागच्या दाराचं रबर

आप्पा गेल्यापासून संकेश्वरच्या घरी धूळ खात पडलेली त्यांची जुनी गाडी श्रीनाथनं हौसेनं दुरुस्त करायला घेतली, पण मागच्या दाराचं रबर काही केल्या बसेना. बेळगावातून दोनदा नवं आणून चिकटवलं, तरी दारात कागदाची पट्टी धरून बघितली, की ती अलगद बाहेर यायची.

"सोडा की आता," बायको, वासंती, वैतागून म्हणाली.

"लई डोकं खाल्लंय ह्या दारानं," म्हणत त्यानं रबर उपसून पुन्हा बसवलं. पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिलं. ती हलली नाही.

"बसलं गं एकदाचं."

वासंतीनं काचेतून आत डोकावलं. गाडी रिकामीच होती.

पट्टी मात्र श्रीनाथच्या चिमटीतून सावकाश आत ओढली जात होती.