काकांचा बिल्ला

बर्फावर उतरताना जहाजाच्या दाराशी टांगलेला आपला बिल्ला लाल बाजूला फिरवायचा आणि परतलं की पांढऱ्या, एवढाच काय तो नियम. पण काका पडले विसरभोळे. काल बिल्ला लालच ठेवून ते केबिनमध्ये ढाराढूर झोपले आणि सगळं जहाज त्यांना बर्फात शोधत बसलं. कॅप्टनने सगळ्यांदेखत झापलं काकांना, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं काकूंना.

आज टेकडी चढून पेंग्विन बघून झाल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, चला आता. धुकं उतरायला लागलंय."

"तू हो पुढे. हे पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, की पुढच्या बोटीने आलोच मी."

जहाजाने दिलेलं नारिंगी जाकीट काकांनी भडक म्हणून केबिनमध्येच टाकलेलं. अंगात आपला जुना काळा कोट आणि गळ्यात पांढरा मफलर.

जहाजावर येताच काकूंनी स्वतःचा बिल्ला फिरवला आणि हळूच काकांचाही फिरवून टाकला. उगाच पुन्हा चारचौघांत शोभा नको.

पुढची बोट सोडण्याआधी खलाशाने बिल्ले पाहिले. सगळे पांढरे. त्याने बोट वर ओढून घेतली. जहाज हललं तशी काकूंना हायसं वाटलं. म्हणजे आले एकदाचे हे.



दूर किनाऱ्यावर एक उंचसा पेंग्विन दोन्ही पंख हलवत पाण्यापर्यंत धावत आला, तेव्हा डेकवरच्या सगळ्यांबरोबर काकूंनीही त्याला हसत हसत टाटा केला.